कॅट काढलेली गाडी

रुद्रनं पिवळी गाडी कुरुंद्याला आणली, तेव्हा पहिलं काम त्यानं हे केलं, की घरापुढं उभा असलेला ट्रॅक्टर मागं गोठ्याकडं लावायला सांगितला. ट्रॅक्टरमुळं गाडी रस्त्यावरून दिसत नव्हती. आणि रस्त्यावरून दिसत नसेल, तर असली गाडी घ्यायची कशाला?

गाडीला दारं दोनच, बसायची जागा दोघांचीच आणि पोट जमिनीपासून वीतभर वर. पुण्यातल्या कुठल्याशा हौशी माणसानं हौस फिटल्यावर विकलेली. गावातून हमरस्त्याला लागेपर्यंत जितके गतिरोधक, तितक्या वेळा तिचं पोट घासायचं. म्हणून रुद्रनं डिकीत दोन फळ्या ठेवल्या होत्या. गतिरोधक आला की त्याची बायको प्रियंका खाली उतरायची, फळ्या चाकांपुढं मांडायची, गाडी अलगद पलीकडं गेली की फळ्या उचलून डिकीत टाकायची आणि पुन्हा आत बसायची. पारावर बसलेली म्हातारी माणसं ही करमणूक चुकवत नसत. एकानं विचारलंही होतं, "सूनबाई, गाडी तुमाला नेऊन राहिली का तुमी गाडीला?"

प्रियंकानं फळ्या डिकीत टाकल्या. प्रश्न बरोबर होता.

रुद्र घरातला एकुलता एक. वडील तातेराव वारले तेव्हा तो पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. ते वर्ष तिथंच टाकून तो शेती सांभाळायला म्हणून गावी आला. सांभाळली मात्र त्याच्या आईनं, नर्मदाबाईनं. हळद लावणं, काढणं, कुकरमध्ये शिजवणं, वाळवणं, पॉलिश करणं, सगळं तिच्या नजरेखाली. लग्न होऊन आलेली प्रियंका वर्षभरात पिकअप चालवायला शिकली आणि हळदीची पोती वसमतच्या मोंढ्यात न्यायचं काम तिनं अंगावर घेतलं. रुद्रच्या वाट्याला नावं ठेवायचं काम उरलं, आणि ते तो मन लावून करायचा. रस्ते भिकार, माणसं गावंढळ, डॉक्टर घोडेवैद्य, चहा म्हणजे साखरेचं पाणी. हिंगोलीला जिल्हा म्हणताना त्याच्या ओठाचा एक कोपरा आपोआप खाली जायचा.

नवीन नवीन प्रियंकाला वाटायचं, यानं काहीतरी मोठं पाहिलंय, म्हणून याला इथलं काही आवडत नाही. पुढं तिच्या लक्षात आलं की यानं काहीच धड पाहिलेलं नाही. जे थोडंफार पाहिलं ते फोनवर.

उन्हाळ्याच्या तोंडावर एक दिवस जेवताना त्यानं जाहीर केलं, "पुढच्या महिन्यात ट्रॅकवर जायचंय. हैदराबादच्या पुढं एक खाजगी ट्रॅक आहे. आपली गाडी घेऊन जायचं, दिवसभर पळवायची."

"कुठवर पळवायची?" नर्मदाबाईनं विचारलं.

"ट्रॅकवरच. गोल असतो तो. म्हणजे वळणं असतात, पण फिरून परत तिथंच येतो."

"फिरून परत तिथंच?" नर्मदाबाईनं भाकरीचा तुकडा वरणात बुडवला. "मळणीचे बैल बी तेच करत व्हते. पण त्यायच्या पायाखाली धान्य तरी निघायचं."

प्रियंकाला हसू आलं आणि ते तिनं पाण्याच्या तांब्याआड लपवलं. रुद्र जेवण अर्धवट टाकून उठला. उठता उठता म्हणाला, "तुमच्याशी बोलण्यात अर्थच नाही. आधी मला कॅट काढून घ्यायचाय."

"कॅट म्हंजी मांजर ना?" नर्मदाबाईनं सुनेला विचारलं. "गाडीत मांजर शिरलं का काय?"

मांजर नव्हतं. सायलेन्सरच्या वाटेवर, गाडीच्या पोटाखाली, एक फुगीर लोखंडी डबा असतो. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असते. इंजिनातला विषारी धूर त्या जाळीतून जातो आणि निदान माणसाला सोसेल असा होऊन बाहेर पडतो. त्याचं लांबलचक इंग्रजी नाव कोणी घेत नाही, कॅटच म्हणतात. गाडी शर्यतीसारखी पळवणारे लोक तो काढून टाकतात आणि तिथं सरळ नळी बसवतात. धूर न अडता निघतो, इंजिनाची ताकद थोडी वाढते, आणि आवाज बराच वाढतो. रुद्रनं याचे इतके व्हिडिओ पाहिले होते की आता तो डबा गाडीत आहे ही गोष्टच त्याला अपमानाची वाटायला लागली होती.

ज्या दिवशी तो कॅट काढायला निघाला, त्या दिवशी प्रियंकाला माहेरी, आखाडा बाळापूरला जायचं होतं. वाटेवरच वारंगा फाटा. "आधी शाकीरकडं थांबू, मग सोडतो," रुद्र म्हणाला. फळ्या मांडत आणि उचलत ती त्याच्याबरोबर निघाली.

शाकीरचं गॅरेज फाट्यावर, ट्रकवाल्यांच्या हॉटेलाला लागून. मागच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची आई खतीजाबी राहायचे. शाकीरचा हात वाईट नव्हता, पण डोकं सगळं मोबाईलमध्ये. जीप, टमटम, पिकअप असली गिऱ्हाइकं आली की तो तोंड वाकडं करायचा. पिवळी गाडी दारात पाहून त्यानं आधी केस विंचरले, मग व्हिडिओसाठी फोन तिवईवर लावला, आणि मगच पाना हातात घेतला.

"रुद्रभाऊ, एक गोष्ट सांगून ठेवतो," फोनकडं बघत तो म्हणाला. "ट्रॅकवर हे चालतं. रोडवर चालत न्हाई. कायद्यात बसत न्हाई. आणि आवाज लई वाढंल."

"आवाजासाठीच तर आलो," रुद्र म्हणाला. "आणि कायदा कोण विचारतंय हिंगोलीत?"

गाडी वर उचलली. बोल्ट गंजलेले होते. शाकीरनं तेल सोडलं, ठोकलं, ओढलं, एक-दोन शिव्या घातल्या आणि शेवटी ग्राइंडर काढला. ठिणग्या उडायला लागल्या. प्रियंका लांब, एका जुन्या टायरवर बसून बघत होती.

"हे काढल्यावर धूर कुठं जाणार?" तिनं विचारलं.

"बाहेर," रुद्र म्हणाला.

"आणि आत्ता?"

"आत्ताही बाहेरच. पण गाळून."

"मग काढायचं काहून?"

रुद्रनं शाकीरकडं पाहून, ही अशीच आहे, असं डोकं हलवलं. "तुला नाही कळायचं. इंजिनाला मोकळा श्वास घेता येतो."

"आणि आपल्याला?"

शाकीर खाली मान घालून हसला. रुद्र हसला नाही.

डबा निघाला, नळी बसली, जोड मारून झाले. रुद्रनं आत बसून गाडी सुरू केली आणि पाय दाबला. जो आवाज झाला त्यानं हॉटेलापुढच्या लिंबावरचे सगळे कावळे एकदम उडाले. बाजारासाठी फाट्यावर बांधलेल्या बकऱ्यांनी दावी तोडली आणि त्या महामार्गाकडं पळाल्या. बकऱ्यांचा मालक शिव्या देत त्यांच्या मागं. रुद्रनं पाय सोडला तशी मागच्या नळीतून फटफट करत एक निळसर जाळ बाहेर आला. मागच्या खोलीतून खतीजाबी चप्पल हातात घेऊन धावत आली. "शाकीर! क्या फूटा रे? सिलेंडर?"

"कुछ नहीं अम्मी. गाडी है."

खतीजाबीनं गाडीकडं पाहिलं, आत बसलेल्या रुद्रकडं पाहिलं. "पैसे देकर ऐसा करवाया?" तिनं विचारलं. मग ती चप्पल पायात घालून आत निघून गेली.

गाडीत स्टिअरिंगपुढच्या काट्यांशेजारी एक पिवळा दिवा लागला होता. शाकीर म्हणाला, "तो जळतच राहील. त्याच्याकडं बघायचं न्हाई." काढलेला डबा त्यानं पोत्यात घालून डिकीत ठेवला. प्रियंका बाळापूरला उतरली तेव्हा तिच्या केसांना, ओढणीला, हाताला कच्च्या पेट्रोलचा वास होता. तिच्या आईनं विचारलं, "पंपावर काम करून राहिलीस का गं?"

पहिले काही दिवस गावातली पोरं गाडीमागं धावली. मग त्यांनाही कंटाळा आला. मोठ्यांना तो पहिल्या दिवशीच आला होता. रुद्र सकाळ-संध्याकाळ गाडी काढायचा, हमरस्त्यापर्यंत जायचा आणि परत यायचा. हळद शिजवणाऱ्या बाया कुकरपाशी काम सोडून कानावर हात ठेवून उभ्या राहायच्या. तिसऱ्या दिवशी गोठ्यातल्या म्हशीनं पान्हा चोरला. नर्मदाबाई रिकामी चरवी घेऊन बाहेर आली आणि लेकापुढं उभी राहिली.

"रुद्र्या, मालकाची ऐपत दुरून कळावी म्हणून जुन्या काळी बैलाच्या गळ्यात घुंगरं बांधायचे. तू काय बांधलंस हे?"

"आई, तुला यातलं काही समजत नाही."

"न्हाई समजत. म्हशीला बी न्हाई समजलं."

पोत्यातला डबा तेव्हा ओसरीच्या कोपऱ्यात पडला होता. नर्मदाबाईनं पायानं तो ढकलला. "हे काय ठिवलंस इथं?"

"काही नाही. भंगार आहे. इंजिनाचा गळा दाबणारा दगड," रुद्र म्हणाला आणि गाडी घेऊन निघून गेला.

हैदराबादला जायचं ठरलं तेव्हा त्याचे नांदेडचे दोन मित्र बरोबर येणार होते. आदल्या दिवशी दोघांनाही कामं निघाली. रुद्र एकटा जायला तयार नव्हता. "तू चल," तो प्रियंकाला म्हणाला. "फोटो काढायला कोणीतरी पाहिजे."

प्रियंका गेली. तिला ट्रॅक बघायचा होता असं नाही. पण हळदीचा हंगाम आवरला होता, आणि नांदेडच्या पलीकडं ती लग्नानंतर गेली नव्हती. कानात कापसाचे बोळे घालून ती बसली. दिवसभर त्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं, आणि दोघांपैकी कोणाला त्याचं वाईटही वाटलं नाही. मुक्कामाच्या हॉटेलात रुद्रनं जेवण मागवलं आणि हात लावला नाही. "इथलं जेवण म्हणजे जनावराचं खाणं," तो म्हणाला. प्रियंकानं दोघांचं जेवण खाल्लं. चांगलं होतं.

सकाळी ट्रॅकच्या फाटकाशी पोचले, तेव्हा तिथं आधीच वीसेक गाड्या रांगेत होत्या. काही रुद्रच्या गाडीपेक्षा भारी, पण बऱ्याचशा साध्या, गावात मास्तर लोक वापरतात तसल्या. एक पांढऱ्या केसांचा गृहस्थ जुनाट लाल गाडीच्या बोनेटवर थर्मास ठेवून चहा पीत होता. रुद्रची गाडी गर्जत आत आली तसं सगळ्यांनी वळून पाहिलं. रुद्रनं काच खाली केली आणि कोपर बाहेर काढलं.

"हे डबे घेऊन लोक ट्रॅकवर येतात," तो प्रियंकाला म्हणाला. "लाज नाही वाटत."

पण त्याचं कोपर थरथरत होतं. प्रियंकाला आधी वाटलं इंजिनामुळं. गाडी बंद केल्यावरही ते थांबलं नाही. पलीकडच्या कठड्यामागून एक गाडी सरळ पट्ट्यावर सुसाट आली, वळणाशी तिचं नाक खाली दबलं, आणि ती दिसेनाशी झाली. रुद्र ते बघत होता. बघता बघता त्यानं कपाळावरचा घाम दोनदा पुसला.

रांगेत प्रत्येक गाडीची तपासणी होती. चाकं, ब्रेक, पट्टे आणि शेवटी आवाज. उन्हाची टोपी घातलेला एक पन्नाशीचा माणूस मागच्या नळीपासून हातभर अंतरावर तिवईवर यंत्र ठेवायचा, गाडीवाल्याला इंजिन ठरावीक वेगापर्यंत न्यायला सांगायचा आणि आकडा बघायचा. रुद्रचा नंबर आला. रुद्रनं पाय दाबला. टोपीवाल्यानं आकडा पाहिला, यंत्र बंद करून पुन्हा लावलं, आणि पुन्हा पाहिला.

"नक्को सर," तो म्हणाला. "बहोत जास्ती है. ऐसे नहीं जाने देते."

रुद्र गाडीतून उतरला. "नहीं जाने देते म्हणजे? ये ट्रॅक है ना?"

टोपीवाल्यानं शांतपणे समजावलं. आसपास गावं आहेत, एक शाळा आहे. मागं लोकांनी तक्रारी केल्या होत्या आणि ट्रॅक बंद पडायची वेळ आली होती. तेव्हापासून आवाजाला मर्यादा आहे. कॅट काढायला आमची हरकत नाही, पुष्कळ लोक काढतात, पण मग ते मागं चांगला सायलेन्सर बसवतात. तुम्ही नुसती नळी लावली आहे.

रुद्रचा आवाज चढला. आपण किती लांबून आलो, कसली गाडी आहे ही, या लोकांना गाडीतलं काय कळतं, दोन दमडीच्या यंत्रावर काय ठरतं, असं सगळं तो हिंदीत, मराठीत आणि इंग्रजीत बोलला. लाल गाडीवाला गृहस्थ थर्मासचं झाकण लावून जवळ आला. गर्दी जमली. टोपीवाल्यानं रुद्रचं बोलणं संपू दिलं. मग तो आपल्या टपरीत गेला आणि हातभर लांबीचं, जाळीचं एक नळकांडं घेऊन आला.

"ये लगा देता हूं," तो म्हणाला. "नळी के अंदर बैठता है, एक बोल्ट का काम है. आवाज नीचे आ जाता. शाम को निकाल लो. फ्री है, सर."

सगळे रुद्रकडं बघायला लागले. आता काही अडचण उरलीच नव्हती. प्रियंकानं नवऱ्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं, आणि तिला तिथं राग दिसला नाही. मोंढ्यात एखाद्याचा माल ओला निघतो आणि अडत्या पोत्यात हात घालायला पुढं होतो, त्या वेळी त्या माणसाचा चेहरा होतो तसा तो झाला होता.

"माझ्या गाडीचा आवाज दाबायचा?" रुद्र म्हणाला. "नाही. त्यापेक्षा मी चालवणारच नाही."

आणि हे बोलल्याबरोबर त्याचे खांदे खाली आले. हात थरथरायचे थांबले. त्यानं लांब श्वास सोडला, खिशातून गॉगल काढून घातला आणि टोपीवाल्याला विचारलं, "चाय किधर मिलती है?"

तेव्हा प्रियंकाला कळलं. इतके दिवस हा माणूस ज्यासाठी घर डोक्यावर घेऊन बसला होता, त्याला तो भीत होता. फाटकापर्यंत यायचं होतं, आत जायचं नव्हतं. आत न जाण्याचं कारण त्याला हवं होतं, आणि ते मिळाल्यावर आता त्याला भूकसुद्धा लागली होती.

भित्र्या माणसाचा तिला कधी तिटकारा आला नव्हता. तिचा स्वतःचा भाऊ विश्वंभर पाण्याला भ्यायचा आणि तसं सरळ सांगायचा. पण हा माणूस भीत होता आणि जगाला नावं ठेवत होता. याच्या चाकांपुढं आपण फळ्या मांडत आलो, हे आठवून तिला स्वतःचीच लाज वाटली.

"पैसे भरले आहेत तुमचे," टोपीवाला हिंदीत म्हणत होता. "शिकवणी त्यातच आहे. आमची गाडी घ्या, मी शेजारी बसतो." त्यानं एका छोट्या पांढऱ्या गाडीकडं बोट दाखवलं. आत लोखंडी दांड्यांचा पिंजरा बसवला होता, बाकी गाडी अगदीच साधी.

"त्यात?" रुद्र हसला. "ती माझ्या गावात दूधवाला वापरतो."

"मी चालवते," प्रियंका म्हणाली.

रुद्रनं गॉगल वर केला. "तू? अगं, पिकअप चालवणं वेगळं. इथं आपली शोभा करू नको."

"शोभा झाली की आत्ताच," ती म्हणाली आणि टोपीवाल्याकडं वळली. "मैं चलाऊंगी. लायसन है."

हेल्मेट वेणीवरून बसेना. लाल गाडीवाल्या गृहस्थानं, "बेटा, वेणी आधी कुर्त्यात घाल," असं सांगितलं तेव्हा बसलं. पट्टे इतके घट्ट होते की श्वास अर्धाच जात होता. टोपीवाल्यानं टोपी काढून हेल्मेट घातलं आणि तिच्या शेजारी बसला. पहिल्या फेरीला तो नुसतं सांगत होता, इथं ब्रेक, इथं वळव, आता सोड. दुसऱ्या फेरीला म्हणाला, "गाडी की नाक मत देखो. जिधर जाना है उधर देखो."

तिनं तिकडं पाहिलं. वळण लांबून दिसायला लागलं, म्हणजे ते आधीपासून तिथंच होतं, ती बघत नव्हती. गाडी तिच्या हातात हलकी झाली. सरळ पट्ट्यावर तिनं पाय पूर्ण खाली दाबला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि गाडी तिला पाठीला धरून पुढं ओढायला लागली. पुढच्या वळणाशी ब्रेक उशिरा लागला. मागची चाकं सुटली, कठडा डोळ्यांपुढून एकदा गर्रकन फिरून गेला, आणि गाडी गवतात तोंड उलटं करून उभी राहिली. इंजिन बंद पडलं होतं.

क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग तिला स्वतःचं हसणं ऐकू आलं. ती एवढ्या मोठ्यानं कधी हसली होती ते तिला आठवेना.

"डर लगा?" टोपीवाल्यानं विचारलं.

"हां. बहोत."

"अच्छा है. चलो, फिर से."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती चालवत राहिली. पुन्हा गवतात गेली नाही. उतरली तेव्हा कपडे घामानं ओले होते. रुद्र सावलीत खुर्चीवर बसला होता, पाठ ट्रॅककडं. फोटो त्यानं एकही काढला नव्हता.

"झाली हौस?" त्यानं विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर तिनं कानात कापूस घातला आणि डोळे मिटले. कुरुंद्याच्या पहिल्या गतिरोधकाशी गाडी थांबली. रुद्र वाट बघत राहिला. ती उतरली नाही. शेवटी तोच उतरला, त्यानं फळ्या मांडल्या, आत बसून गाडी पलीकडं नेली आणि मागं जाऊन उचलल्या. पारावरची म्हातारी माणसं आज टाळ्या वाजवायच्या बेतात होती.

आठ दिवसांत रुद्रला गाडीचा वीट आला. असली गाडी या रस्त्यांच्या लायकीची नाही, असं त्याचं मत झालं. नांदेडचं एक गिऱ्हाईक येऊन पाहून गेलं; गाडी आवडली, पण म्हणालं, मूळ डबा परत बसवून द्या, तो असल्याशिवाय गाडी धुराच्या तपासणीत पास होत नाही. रुद्र ओसरीवर आला. कोपऱ्यात पोतं नव्हतं.

"आई, इथलं लोखंड कुठंय?"

"ते व्हय? भांडेवाल्या गोजरबाईला दिलं," नर्मदाबाई म्हणाली. ती मिरच्यांची देठं खुडत होती. "त्येच्यावर परात घेतली. चांगली जाडय."

रुद्रनं रिकाम्या कोपऱ्याकडं पुन्हा पाहिलं. मग ओरडला. ते काय होतं ठाऊक आहे का, त्याच्या आतल्या जाळीला सोन्यासारखा धातू लावलेला असतो, असली अडाणी माणसं घरात असल्यावर माणसानं करायचं काय. नर्मदाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"भंगार हाय असं कोण म्हणलं व्हतं?"

"मी म्हणालो, पण त्याचा अर्थ—"

"मंग. तुज्या शब्दाला किंमत दिली एकदा, तर बोंबलून राहिला. इथून पुढं न्हाई देणार."

गोजरबाई कुठल्या गावाची ते कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. शाकीर म्हणाला, नवा डबा परदेशातून मागवावा लागेल आणि कधी येईल ते सांगता येत नाही. आणि फोन ठेवायच्या आधी त्यानं हेही सांगितलं की कॅट काढतानाचा व्हिडिओ लई चालला. गिऱ्हाईकानं दुसरी गाडी घेतली. पिवळी गाडी ताडपत्रीखाली गेली. नर्मदाबाईनं ट्रॅक्टर परत पुढं लावला आणि म्हैस दूध द्यायला लागली.

वैशाखात प्रियंकाच्या भावाचा, विश्वंभरचा, साखरपुडा होता. बाळापूरला मांडव घातला होता. जेवणं झाल्यावर पुरुषमंडळी पंख्याखाली खुर्च्या ओढून बसली आणि कोणीतरी रुद्रला ट्रॅकचं विचारलं. प्रियंका पाहुण्यांना पानसुपारीचं ताट फिरवत होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

"काय सांगू तुम्हाला," रुद्र म्हणत होता. "गाडी सुरू केली तर त्यांचं आवाज मोजायचं यंत्रच बंद पडलं. हातच जोडले त्यांनी. म्हणाले, साहेब, एवढ्या ताकदीची गाडी आम्ही इथं सोडू शकत नाही, बाकीच्यांनी काय करायचं? तिथं सगळे डबे घेऊन आलेले. एकाचीही हिंमत नव्हती माझ्याबरोबर उतरायची."

"वा!" कोणी म्हणालं. प्रियंकाचे एक मामा वळून तिला म्हणाले, "तू बी व्हतीस ना बाई संग?"

ताट हातात घेऊन ती उभी राहिली. रुद्रनं तिच्याकडं पाहिलं, आणि त्याच्या नजरेत विनवणी होती. इतकी उघडी विनवणी तिनं त्याच्या डोळ्यांत कधी पाहिली नव्हती. तिला वाटलं होतं, अशी वेळ आली तर आपण सगळं सांगू. आता सांगायचीही इच्छा होईना. भांडायला समोर कोणीतरी असावं लागतं.

"व्हय, व्हते," ती म्हणाली. "आवाज लई मोठा व्हता." आणि तिनं ताट पुढं केलं.

परतताना पिकअप तीच चालवत होती. नर्मदाबाई मधे बसून पेंगत होती, रुद्र खिडकीशी. बाळापूर मागं पडल्यावर तो म्हणाला, "बरं झालं, जास्त काही बोलली नाहीस."

प्रियंकानं समोरच्या ट्रकला वाट दिली. थोडं पुढं गेल्यावर तिनं सांगितलं, "त्या टोपीवाल्या सरांशी बोलले मी. पुढच्या महिन्यात दोन दिवसांची शिकवणी हाय. मी जाणारे."

"कशात?"

"एसटीनं. गाडी तिथं त्यायचीच असती."

"त्या दूधवाल्याच्या गाडीसाठी एसटीनं हैदराबाद?" त्यानं हसून पाहिलं, पण हसणं जमलं नाही. "अगं, लोक काय म्हणतील?"

"तुमी त्यायला जे सांगसाल, तेच म्हणतील."

रुद्र खिडकीबाहेर बघायला लागला. नर्मदाबाईनं डोळे न उघडताच विचारलं, "दोन दिस म्हंजी, मंगळवारच्या बाजाराच्या आधी येशील ना?"

"येते की, आत्याबाई," प्रियंका म्हणाली आणि वळणासाठी गिअर बदलला.